ब्रेक लायनरची धूळ

४ नोव्हेंबर, सोमवार
मामाजी, यांचे बाबा, न्हाणीतून ओसरीपर्यंत आले अन् खांबाला धरून उभेच राहिले. दम लागून बोलवेना! म्हटलं, दवाखान्यात चला. "काही नाई वं, थंडी भरली जराशी." थंडी अजून आहेच कुठं!

७ नोव्हेंबर, गुरुवार
मी आणि हे, दोघांनी मामाजींना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पहिलं हेच विचारलं — "काम काय करत होते?" हे म्हणाले, सौंसरला गॅरेज आहे आमचं. आधी बाबा चालवत, आता मी. जुन्या जीपा, मेटाडोर. ब्रेकचं काम जास्त.

डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवला. मग सांगितलं — जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. लायनर घासलं की त्याचे तंतू उडतात, डोळ्याला दिसतही नाहीत. फुफ्फुसात रुतले की निघत नाहीत. त्रास कळायला वीस-तीस वर्षं लागतात. मामाजींची फुफ्फुसं कडक झाली आहेत. आता फक्त जपायचं.

परत येताना बसमध्ये मी सारखी यांच्याकडेच पाहत होते. दहावी सुटल्यापासून हेही तेच काम करतात!

८ नोव्हेंबर
कशात लक्ष नाही. भाजीत मीठच टाकलं नाही. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

११ नोव्हेंबर, सोमवार
गॅरेजात गेले. हे ब्रेकचा ड्रम उघडून आत कॉम्प्रेसरची हवा मारत होते. भस्सकन धूळ! तोंडाला साधा रुमालही नाही! मी ओरडलेच. गिऱ्हाईक पाहतच राहिलं.
"काहून एवढी घाबरून राहिली? नव्या लायनरात थे नाई राहत."
"अन् हे जुनं काढून राहिले, त्याचं काय?"
कॉम्प्रेसर बंद केला. पाणी आणून ड्रम ओल्या फडक्यानं पुसला. फुगले होते नुसते!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
स्वतःच्या छातीचा फोटो काढायला काही तयार होत नाहीत. रोज नवं निमित्त — आज गिऱ्हाईक आहे, उद्या बाजार आहे. शेवटी आज मामाजीच बोलले. दम घेत घेत — "विनोद... माह्यासारखं... नको करू बाप्पा."
यांचे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूबी काढशीन तर मी काढतो."
मला कशाला? पण म्हटलं, हाव! हे चालले तर खरं.

१८ नोव्हेंबर, सोमवार
झाले फोटो, दोघांचेही. मशीनसमोर यांना शर्टाचं बटणही सोडता येईना. मी हसले. आतून मात्र देवाचं नाव चालू.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
साफ! यांचा फोटो साफ!! दवाखान्यातून फोन आला. मामाजींनी ऐकलं अन् हात जोडले. संध्याकाळी जामसावळीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडला. किती दिवसांनी हे पोटभर जेवले! शनिवारी दोघांनाही बोलावलं आहे. काम कसं जपून करायचं, ते सांगणार असतील.

२३ नोव्हेंबर, शनिवार
माझ्या डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी आहे. अजून तपासण्या करायच्या.
डॉक्टरांनी विचारलं, "उर्मिलाताई, तुम्ही गॅरेजात काम केलं कधी?"
म्हटलं, नाही. कधीच नाही.
"यांचे कामाचे कपडे घरी कोण झटकतं? कोण धुतं?"
हे खुर्चीवरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.
"लग्नापासून मीच," मी सांगितलं.