पाचाचा सामना तीनला

प्रिय पूर्वी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा रविवारचा अंतिम सामना संपलेला असेल. शेवटची शिट्टी वाजायच्या आत पाकीट खिशातून काढायचं नाही, अशी आणणाऱ्याला ताकीद देऊनच ते पाठवतो आहे. आधी वाचलंस तर मैदानात तुझं लक्ष लागणार नाही, आणि तुझा खेळ बिघडवायचं काम मी एकदा केलेलं आहे. तेच सांगायचं आहे. सांगितल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही याची धास्ती आहे, म्हणून चार दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. डॉक्टरकडे गेलो तरी आधी हवापाण्याच्या गप्पा मारतो. तेव्हा थोडा दम धर.

ऑगस्टमध्ये तुमची पहिली फेरी झाली तेव्हापासून सामन्याच्या दिवशी आपल्या ओट्यावर गॉडफ्रेची खुर्ची ठरलेली. साडेसहाला मी फोन तांब्याला टेकवून उभा करतो आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर बसतो. सांडोरच्या पोरापोरींना तीस वर्षं फुटबॉल शिकवलेला माणूस तो, पण तुमचा हा आयरिश फुटबॉल बघून पहिल्या दिवशी त्याचा चेहराच पडला. बॉल हातात घेऊन पळायचं, चार पावलांवर आपटायचा नाहीतर पायावरून उडवून झेलायचा, हा कसला फुटबॉल म्हणाला. तू मारलेला बॉल आडव्या दांडीच्या वरून गेला तेव्हा मी कपाळाला हात लावला, आणि तिकडे लोक टाळ्या वाजवत होते. आता आम्ही पंडित झालो आहोत. जाळ्यात गेला तर तीन, वरून गेला तर एक. तुझी आई तर पंचाला नावं ठेवण्यापर्यंत पोचली आहे.

हरलं की घरी, हा एकच नियम मात्र मला सांगावा लागला नाही. एवढी जुनी स्पर्धा, तुमच्या क्लबला बत्तीस वर्षांत अंतिम सामना बघायला मिळालेला नाही, आणि तू घालतेस तो चौदा नंबरचा शर्ट आधी कोणाकोणाचा होता, हे तूच हौसेने सांगितलं होतंस. उपांत्यपूर्व फेरीत तुम्ही दोन गुणांनी वाचलात, त्या संध्याकाळी मला भात गेला नाही. आई म्हणाली, पोरगी खेळते तिथे आणि अपचन होतंय इथे.

उपांत्य सामना तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एका गुणाने मागे, शेवटचं मिनिट, आणि फ्री किक तुझ्या वाट्याला. तू बॉल जमिनीवर ठेवलास, मागे सरकलीस, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. तू एक पाय उचललेली, तशीच्या तशी. गॉडफ्रे हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. आईने माझं मनगट असं धरलं होतं की नखांच्या खुणा उठल्या. चित्र सुरू झालं तेव्हा बरोबरी झाली होती आणि तुझ्या अंगावर चार पोरी पडल्या होत्या. जादा वेळेत तुम्ही जिंकलात. गॉडफ्रेने डोळे पुसले आणि सहज बोलून गेला, "एकनाथ, त्या वर्षी ही वेळेवर आली असती ना, तर आपण हरलो नसतो."

मी उठून मागे बागेत गेलो. केळींना पाणी द्यायची ती वेळ नव्हती, तरी पाइप धरून उभा राहिलो.

ते वर्ष तुलाही आठवत असेल. तू एकवीस वर्षांची होतीस, गॉडफ्रेने पोरींची टीम केली होती, आणि गावच्या मैदानावर उपांत्य सामना पाच वाजता होता. आधीच्या सामन्यात तुझ्या भुवईवर तीन टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी आगाशीची मंडळी तुला बघायला येणार होती. मी मांडवावर सुकेळी उलटवत होतो. राजेळी केळी तीन दिवस उन्हात पडली होती, रंग नुकता धरत होता. तेवढ्यात गॉडफ्रेचा जेन्सन सायकलवरून आला. गावात मयत झाली होती, पाचाला दफन, म्हणून सामना तीनला घेतला होता. तुझा फोन दुरुस्तीला होता. तो तुला हाक मारणार होता, मी म्हटलं, ती कामात आहे, मी सांगतो.

तू वीस पावलांवर होतीस, पडवीत बुटांना पॉलिश करत. मी सुकेळी उलटवत राहिलो. तीन वाजले, मी वर बघितलं नाही. विसरलो नव्हतो, पूर्वी. टाके पडलेला चेहरा पाहुण्यांना काय सांगून दाखवायचा, एवढाच विचार डोक्यात होता. तू साडेचारला गेलीस आणि मैदानात नुसते पाण्याचे रिकामे ग्लास लोळत होते. दहाच पोरी खेळल्या, एका गोलने हरल्या.

संध्याकाळी जेन्सन तुला जाब विचारायला आला होता. पण आधी तूच ओरडलीस, निरोप का दिला नाहीस म्हणून. त्याने तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. मग तो म्हणाला, "विसरलो."

त्यानंतर तू त्याच्याशी एक शब्द बोलली नाहीस. आगाशीचं जमलं नाहीच, तू परदेशी गेलीस, आणि त्याचं नाव निघालं की अजून विषय बदलतेस. त्याने नऊ वर्षांत आपल्या बापालाही खरं सांगितलेलं नाही. बागेतून परत आलो तेव्हा आईने विचारलं, काय झालं. पहिल्यांदाच तोंडातून निघालं सगळं. वाटलं होतं रडेल, निदान भांडेल. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगता? तिला सांगा."

फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकून मी पुन्हा हवापाण्यावर गेलो असतो. शिवाय जेन्सनला त्याची कंपनी तीन आठवड्यांसाठी डब्लिनला धाडते आहे. परवा इथे आला आणि चाचरत विचारू लागला, काका, मी सामना बघायला गेलो तर पूर्वी चिडेल का. आज त्याच्याच हातात सुकेळीचं पुडकं आणि हे पाकीट देतो आहे. आत काय आहे ते त्याला माहीत नाही, आशीर्वाद असतील असं त्याला वाटतंय. त्या दिवशी त्याचा निरोप मी अडवला होता. आज माझा निरोप त्यानेच तुझ्यापर्यंत आणला आहे. जिंकल्या असाल वा हरल्या असाल, तो तिथेच बाजूला कुठेतरी अवघडून उभा असेल. आधी त्याच्याशी बोल. माझ्याशी नंतर बोललीस तरी चालेल, नाही बोललीस तर तेही मला कळेल.

तुझाच,
पप्पा