पायऱ्यांवरून परत गेलेल्या मेव्हण्याला वगळून

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, माजी मंत्री, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. विरोधक तो मानणार नाहीत, पण माझे डोके शाबूत असल्याचे त्यांनी कधीच मानले नव्हते.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला. दर्शनी खोलीतले माझ्या सत्कारांचे फोटो तिने खुशाल उतरवावेत. त्या जागी तिच्या मामाचा फोटो मात्र लावू नये. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे.

२. गाडी ड्रायव्हरला. एकवीस वर्षे माझे फोनवरचे बोलणे त्याने ऐकले आणि एक अक्षर बाहेर जाऊ दिले नाही.

३. बँकेतली शिल्लक निम्मी मुलीला. निम्मी, पत्नी जिथे वारली त्या इस्पितळात नर्सांना विश्रांतीची खोली बांधण्यासाठी. त्या बिचाऱ्या जिन्यात चादर टाकून पडत. त्याच इस्पितळात शेवटच्या दिवशी पत्नीने डोळे उघडले. मी उशाशी उभा होतो. ती म्हणाली, "धाकटा आला का?"

४. हा धाकटा म्हणजे माझा मेव्हणा. आधी शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे जुना पक्ष सोडून नव्या पक्षाच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढत होतो. अर्ध्यावर तो थांबला. "भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. माझ्याच्यानं नाही होणार." मी वर गेलो आणि मंत्री झालो. तो तीनदा निवडणूक हरला.

तरीही त्याच्या एका खोलीच्या कार्यालयाबाहेर सकाळी आठपासून माणसे उभी असतात. माझ्याकडेही येत; पद गेले त्या आठवड्यात यायची थांबली. मी जळतो. मरायला टेकलेल्या माणसाने खोटे कशाला लिहावे?

मी त्या पायऱ्यांवरून परत फिरलो असतो तर, हा हिशेब मी वर्षानुवर्षे करत आलो. आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो असतो, दोघेही हरलो असतो, आणि पत्नीने निदान एकदा माझे नाव घेतले असते. गेल्या महिन्यात न राहवून त्याच्याकडे गेलो, रांगेतच बसलो. माझी पाळी आल्यावर सरळ विचारले, "मी राहिलो असतो तर काय झालं असतं रे?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "तुम्ही असताना मला कोण विचारत होतं, भाऊजी? लोक तुमच्याकडेच यायचे. तुम्ही गेलात, ते इथलं दार वाजवून वाजवून दमले, म्हणून मी उघडलं. तुम्ही राहिला असतात तर इथं तुम्हीच बसला असतात. मी शाळेत परत गेलो असतो. खरं सांगू? मला तेच आवडलं असतं."

तो हे सहज बोलला. टोमणा मारला असता तर परवडले असते.

५. सबब मेव्हण्याला या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. माझ्याजवळ देण्यासारखे जे होते, ते तो सव्वीस वर्षे वापरतो आहे.

सही : (माजी मंत्री)

लिहून देणाऱ्यांनी वरील मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचला, पाचवे कलम दोनदा वाचले, आणि एकही शब्द न बदलता सही केली.

साक्षीदार : १. घरचे डॉक्टर
२. समोरचे घड्याळजी

ठिकाण : राहते घर, जिन्याशेजारची खोली
तारीख : ४ मार्च २०२५, सकाळी अकरा