अप्पांनी कोपर का धरलं

प्रिय मुनगिल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून मग फाड. इंचनमध्ये बर्फ पडल्याचं टीव्हीवर दाखवत होते. लिफ्ट दुरुस्त करायला चढतोस तेव्हा हातमोजे घालतोस ना? इथे गुर्येत नुसताच बोचरा वारा. किमची घालून झाली, यंदा माझा मिठाचा हात जरा जड पडला आणि मावशी अजून त्यावरून मला ऐकवते आहे.

अप्पांचा उजवा हात बरा नाही. आढेवेढे न घेता सांगते, कोपराचा सांधा झिजलाय आणि त्यामागून हातात जाणारी नस चेपली गेलीय. मला हे कळलं ते आपल्या कुत्र्यामुळे. एका सकाळी अप्पा त्याच्या भांड्यात उरलंसुरलं घालत होते आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरलं होतं, अगदी गावच्या प्रमुखाला चहा द्यावा तसं. मला हसू आलं. म्हटलं, "अप्पा, कुत्र्याला एवढा मान?" ते हसले नाहीत. मग माझं लक्ष गेलं. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात. चॉपस्टिकमधून उसळीचा दाणा सुटतो, की "हल्ली शिजवतेस कच्चं" म्हणून माझ्यावरच खापर.

आधी सुया टोचणाऱ्या वैद्याकडे गेलो. थोडा आराम पडला, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी ओढून सुनछनच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण भारी धीराची. तिने कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली, तर अप्पांच्या करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कागद धरायला सांगितला. तिने ओढला की सुटायचा. अप्पा म्हणतात, "कागदच गुळगुळीत आहे." ती म्हणाली, "आजोबा, डाव्या हाताने धरा बघू." डाव्या हातातून तो फाटला, पण सुटला नाही. फोटोत दिसलं, जन्मभर भट्टीवर हातोडा मारून हाडाला कंगोरे फुटलेत, डाळीएवढे तुकडे मोडून सांध्यात फिरताहेत. ते अडकले की हात मध्येच अडतो, सरळ होत नाही. अंगठ्याजवळचं मांस तर केव्हाच आत बसलंय. रोज त्यांना जेवायला वाढते मी, आणि मला दिसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुकडे काढू, नस मोकळी करून पुढच्या बाजूला आणू. गेलेलं बळ सगळं परत येईल असं वचन देत नाही, पण आणखी थांबलात तर बोटं कायमची वाकतील आणि खुरपीसुद्धा धरता येणार नाही. खुरप्या घडवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं, मुनगिल.

आता छुसकच्या सणाचं. तू जेवताना म्हणालास, "भट्टी विकून टाका." चुकीचं नव्हतं, फक्त सणाच्या पानावर म्हणालास. त्यावर अप्पांनी मक्कल्ली दारूची किटली उचलली आणि डाव्या हाताने कोपर धरून तुझ्या वाटीत ओतली. बापाने पोराला एका हाताने ओतायची असते, कोपर धरायचं ते मोठ्यांना नाहीतर परक्यांना. तू जागेवरून उठलास. "मला पाहुणा केलंत ना? मग पाहुण्यासारखा जातो," म्हणालास आणि गेलास. मावशी म्हणाली, "शिवी दिली असती तर बरं होतं!" मलाही तो टोमणाच वाटला. आपल्याकडे कुणालाही तसंच वाटलं असतं.

टोमणा नव्हता रे. भरलेली किटली त्यांना एका हाताने पेलतच नव्हती. इस्पितळातून बाहेर पडल्यावर मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाले, "पोरगा भट्टी विका म्हणतोय आणि मी त्याच पानावर म्हणू, की हात चालत नाही? त्याचंच खरं झालं असतं." हट्टाला काय म्हणावं! पण तू तरी कुणाचा मुलगा? मला तुमच्या दोघांचाही राग येतो आणि दोघांसाठीही जीव तुटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. नर्सने विचारलं, रुग्णाजवळ रात्रंदिवस कोण राहणार? पुरुषांचा वॉर्ड, उजवा हात बांधलेला. अंग पुसायला, पायजम्याची नाडी बांधायला कुणीतरी हवंच. लेकीकडून ते करून घ्यायचे नाहीत, तुला ठाऊक आहे. पगारी माणूस ठेवू, असं मी म्हणणार तोच अप्पा म्हणाले, "माझा मुलगा येणार आहे." इतक्या सहज, जणू सकाळीच तुमचं बोलणं झालं होतं. नर्सने नाव विचारलं, त्यांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं, खणखणीत. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "अप्पा, मुनगिलला कळवलंत तरी का?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू कळव ना." म्हणून कळवते आहे.

तुझीच,
ओकरानताई