‘थँक’चं कार्ड

३ मार्च

कार्ड परत आलं! लाल शाईत एकच ओळ — ‘कुठल्या घरात?’

झालं असं. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांच्या कोशाच्या कचेरीत या आठवड्यात माझ्या वाट्याला ‘थँक’ आला. आमच्या संपादक मोठ्या बाई. त्यांचा नियम — अर्थ कुठूनही शोधा, पण वापराची तीन उदाहरणं स्वतःच्या कानांनी ऐकलेली हवीत. कार्डामागे लिहायचं: कोण, कुणाला, कुठे. दोन ऐकली होती. तिसरं खुशाल रचलं — ‘नातवाने आजीला थँक्यू म्हटले.’ बाईंनी चोरी जागच्या जागी पकडली. "असा नातू आणून दाखवा, मी त्याला चहा पाजते!" सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. चाळीस वर्षं शब्दांत काढलेली बाई, तिला खोटा माल हाताला लागताच कळतो.

५ मार्च

दिवसभर कान टवकारून फिरले. लिफ्टमधली मुलगी, बँकेतले गृहस्थ, औषधवाला — थँक्यू, थँक्यू! शेजारच्या टेबलावरच्या काकांनी माझ्या कार्डांवर चहा सांडला, तर माझ्याच तोंडून निघालं, "थँक्यू हं, फार उपकार झाले!" म्हणजे टोमण्यालाही चालतो. तिसरं उदाहरण बसल्या जागी मिळालं.

घरात मात्र एकदाही नाही. सासूबाईंनी सकाळी धाकटीची वेणी घातली, ह्यांच्या शर्टाचं बटण लावलं, माझा डबा भरला. कुणी म्हणजे कुणी काही बोललं नाही.

६ मार्च

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. विसरणं वाढतंय. किल्ल्या, तारीख, परवा तर गॅस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून माणसं ओळखतायत. पुढचं सांगता येत नाही. काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या."

परत येताना मलाच हाताला धरून त्यांनी रस्ता ओलांडून दिला!

लग्न होऊन आले तेव्हा माझी पदवी अर्धवट. त्याचं कुणालाच काही नव्हतं, मलाही नव्हतं. ही सासू स्वतः चौथी शिकलेली, दिवसभर मशीनवर शाळांचे युनिफॉर्म शिवायची — तिने मला मशीनशेजारी बसवलं. "वाच. मोठ्याने वाच. मला कळलं नाही तर तुलाही कळलं नाही!" अख्खं भाषाशास्त्र मी त्या खडखडाटात शिकले. आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे. आणि एकवीस वर्षांत हे त्यांना एकदाही सांगितलेलं नाही. लाज वाटते.

७ मार्च

सांगायला गेले. फसलं. जेवताना म्हटलं, "आई, थँक्यू."

त्यांनी ताट सरकवलं. "का गं, मी परकी झाले? ते दुकानात म्हणायचं."



१० मार्च

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. नाही हसल्या. जाडजूड व्युत्पत्तिकोश काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बोट ठेवलं. ‘थँक’ आणि ‘थिंक’ एकाच मुळातले! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ विचार, मग कुणाबद्दलचा चांगला विचार, आणि त्यातून आभार. मी बघतच राहिले. रोज शंभरदा ऐकतो आणि आत हे!

"आपली उपकारांची जाणसुद्धा जाणण्यातूनच आली की," बाई म्हणाल्या. "सासूबाईंना आभार नकोच आहेत. तुम्हाला काय काय आठवतं, तेवढं सांगा."

काय बाई आहे! मी एका कार्डासाठी लबाडी केली, आणि ही माझ्यासाठी अर्धा दिवस खर्ची घालते.

१२ मार्च

सांगितलं!! वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता.

"परीक्षेला तुम्ही काम टाकून माझ्याबरोबर आलात. तीन तास फाटकाबाहेर उभ्या होतात."

"उभी कुठली? पायरीवर बसले होते."

"एका विषयात नापास झाले, तर कुणाला कळू दिलं नाहीत."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. तोच विसरला!"

माझ्या प्रत्येक आठवणीला त्यांची दुरुस्ती. काल काय जेवल्या ते आठवत नाही, पण माझा पेपर कुठल्या वारी होता ते पाठ! मी रडतेय, त्या बाह्या सरळ करतायत. शेवटी म्हणाल्या, "एवढं सगळं लक्षात ठेवलंस? वेडी कुठली." आणि गालावरून हात फिरवला. सुईने टोचून टोचून बोटं अजून खरखरीत आहेत.

फार हलकं वाटतंय.

१३ मार्च

कार्ड मंजूर. मी लिहिलं होतं — ‘आभार मानणे, मराठीत मुख्यतः घराबाहेर.’ बाईंनी एक अक्षर बदललं नाही. नोकरीच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा!

२ एप्रिल

सकाळी सासूबाईंना चहा दिला. त्यांनी घाईघाईने केस सारखे केले, कप दोन्ही हातांनी घेतला आणि अदबीने म्हणाल्या, "थँक्यू हं. तुम्ही कुणाकडच्या?"