मोहरी त्यांच्याच दारापर्यंत

मंगळवार, नवलाख उंबरे

डोकं अजून भणभणतंय. भाज्याला, ताईच्या सासरी जाऊन तिला अग्नी देऊन आलो. बाळंतपणात बाळासकट गेली. स्मशानातून परतताना तिचा सासरा वाटभर मोहरी टाकत होता.

"बाळंतीण गेली की हडळ हुती. दाणे येचंस्तवर उजाडतंय, मग घरी येत न्हाई," वर मलाच समजावत होता!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही साधी रीत नाही पाळली यांनी. दोनदा न्यायला गेलो, दोनदा "घरात कामाला कोन हाय?" म्हणून परत पाठवलं. आणि आता मोहरी! त्या घरात ती परत येईल तरी कशाला?

निघताना मुद्दाम बघितलं. मोहरी त्यांच्या दारापर्यंतच होती. पुढे स्टेशनकडे, आमच्या वाटेला, एक दाणा नव्हता.

ताई, दार उघडंच ठेवलंय. ये.