पाय टेकणारी गाडी

अहो,

तुम्हाला एक बायको आहे हे आठवत असेल, तर हे पत्र तिचंच. मी सांगते आणि शेजारची शिंपीण लिहून घेते. मी इथे नातीकडे खुशाल आहे. तुमची खोकल्याची गोळी पोटात जाते की उशीखाली?

एक चूक कबूल करायची आहे. महिन्यापूर्वी नात मला मोटारसायकल बघायला घेऊन गेली. तिने हलकी, बुटकी गाडी पसंत केली. म्हणाली, "आजी, पहिली गाडी पाय टेकतील अशीच घ्यावी." मी म्हटलं, "ही तर शेळीएवढी! हिच्यावर बसायचं की हिचं दूध काढायचं?" सगळं दुकान हसलं. पोरगी गाडीवरून उतरली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मोठ्या गाडीसाठी रोज चार तास ओव्हरटाइम धरला. गोदामात खोकी बांधून बांधून बोटांची सालं निघाली. परवा हातात घास धरून बसल्या जागी झोपली.

खरं तर मागे बसायची मलाच भीती वाटत होती, ती मी थट्टेत लपवली. काल तिला तसं सांगितलं, तर म्हणते, "अगं, मोठीची मागची सीट रुंद आहे, म्हणून तुझ्यासाठीच घेत होते."

आता बुटकीच घ्यायची ठरली. पण या आठवड्याचा ओव्हरटाइम तिने कबूल केलाय, तो चुकत नाही.

तुमचीच,
जिभेला हाड नसलेली

ता. क. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे पाठवा. शेंगा तुम्ही स्वतः बसून सोला, तिच्या बोटांना ते काम नको.