अकरा वर्षांचे अर्ज

२ मार्च

मालकाचं उत्तर आलं! अकरा वर्षांत पहिल्यांदाच. इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांच्या वतीनं मी बावन्न अर्ज धाडले, एकाचीही पोच नाही. आज थेट नोटीस. इमारत धोकादायक, पंधरा दिवसांत रिकामी करा, पाडून नवी बांधणार. आणि पुरावा म्हणून काय जोडलंय? माझे अर्ज! "ही वास्तू कोणत्याही क्षणी भुईसपाट होईल." "आम्ही मृत्यूच्या जबड्यात नांदत आहोत." शब्दन् शब्द माझा. कचेरीत तीस वर्षं मसुदे लिहिले, साहेबानं लाल शाई मारली नाही असा एक गेला नाही. मालकानं मात्र काना-मात्रेला हात लावला नाही. पहिलं पान चारदा वाचलं. लाज वाटायला हवी, पण अंगावर मूठभर मांस चढलं — खोटं कशाला बोलू!

गळत होता फक्त गच्चीवरचा पाइप. ही तेव्हाच म्हणाली होती, "अहो, नुसतं पाइप गळतो असं लिहा ना." नुसत्या पाइपासाठी कोण येतं?

३ मार्च

शिंप्याच्या खोलीत सगळे जमले. नर्सबाई कुणा वकिलाला विचारून आल्या होत्या. इमारत धोकादायक ठरली, तर आधी बाहेर पडायचं. नव्या इमारतीत जागा मिळेल की नाही, देव जाणे. धोकादायक नाही ठरली, तर मालकाला आधी प्रत्येकाशी नव्या जागेचा लेखी करार करावा लागेल, मगच पाडता येईल. बारा तारखेला पालिकेचा इंजिनीअर बघायला येणार.

शिंपी म्हणाला, "तुम्ही कागदावर घरं पाडलीत, आता तुम्हीच उभी करा."

मला भाडेकरूंचा प्रतिनिधी केलं. शिक्षा म्हणून.

५ मार्च

अर्ज क्रमांक त्रेपन्न. "सदर इमारत अत्यंत भक्कम व खणखणीत असून..." हात अडखळतो. कौतुक करायची सवयच नाही. ही तोंडाला पदर लावून हसत होती.

८ मार्च

इमारत तळापासून गच्चीपर्यंत हिंडून पाहिली. भेगा बहुतेक वरवरच्या. लांबी भरली, रंग फासला.

एकच भेग खरी. जिन्याखालच्या खांबाला, बोट जाईल एवढी. तिथे इस्त्रीवाल्या बाई राहतात. टेबल, पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी — संपलं घर. बावीस वर्षं झाली. जागेची पावती मालकानं कधी दिली नाही, त्यांनी कधी मागितली नाही.

खांबाला लोखंडी टेकू दिला. शिंपी म्हणतो, करार होईपर्यंत तग धरेल. शिंपी काही इंजिनीअर नाही, पण इंजिनीअर तिथे येऊ नये, यावरच आमचं सगळं अवलंबून.

१० मार्च

तोडगा निघाला. माझ्याच डोक्यातून! जिन्याखाली मोडक्या खुर्च्या, जुने पत्रे भरायचे. कुलूप घालायचं. दारावर पाटी — 'अडगळ'. पाटी मीच रंगवली, झकास झाली. बाईंनी तेवढा दिवस बहिणीकडे जायचं.

सांगायला मीच गेलो. त्या म्हणाल्या, "एकच दिवस ना, दादा? त्यात काय एवढं!" वर माझा सदरा मागून घेतला, कडक इस्त्री करून दिला. "साहेबापुढे चुरगळलेले जाऊ नका."

१२ मार्च

इंजिनीअर आला. तरुण, घाईत. हातोडीनं भिंती ठोकल्या. प्रत्येक खोलीत माणसं किती, नावं काय, लिहून घेतलं. मला वाटलं, चौकस आहे.

जिन्यापाशी थांबला. "इथे काय?"

"अडगळ."

"कोणी राहत नाही ना?"

"छे! इथे कोण राहणार?"

शेवटी प्रतिनिधी म्हणून माझी सही घेतली. झोकात केली.

२१ मार्च

जिंकलो! "दुरुस्तीयोग्य. धोकादायक नाही." नोटीस मागे. शिंप्यानं मला मिठी मारली, त्याच्या गळ्यातल्या टेपसकट.

३ एप्रिल

मालकाचा माणूस करार घेऊन आला. फाटकावर यादी लावली. आमचं नाव सहावं. मी दोनदा बोट फिरवलं. चौदाच्या चौदा बिऱ्हाडं. बाजूला ही उभी होती. म्हणाली, "आणि बाई?"

यादीच्या तळाला एक ओळ — जिन्याखाली अडगळ, वास्तव्य नाही.

मालकाच्या माणसाला म्हटलं, चूक आहे, दुरुस्त करा. तो म्हणाला, "काका, तपासणीत जे सापडले तेच रहिवासी. नोटिशीतच लिहिलंय, दुसऱ्या पानावर. आणि खाली सही तुमचीच आहे की! आता तुम्ही खोटं सांगितलंत म्हणत असाल, तर अहवाल रद्द. मग सगळे करार रद्द. बघा बुवा."

घरी येऊन दुसरं पान वाचलं. पहिल्यांदाच. पहिल्या पानावरची माझी वाक्यं वाचण्यात दुसरं पान उलटायचं राहून गेलं होतं.

४ एप्रिल

सकाळी बाई वर आल्या. हातात कोरा कागद. "दादा, यादीत माझं नाव नाही. एक अर्ज लिहून द्या. पण इथे कोणी राहत नाही असं ज्यानं सांगितलं, त्याचं नाव घालू नका. त्याचीही जागा जाईल." कागद ठेवून खाली गेल्या.

नाव घातल्याशिवाय त्यांचा अर्ज कोणी हातातही धरणार नाही.

हिला विचारलं.

ही म्हणाली, "घाला."